आवृत्तीचा अंक आणि निवृत्तीची सूचना : पायथन या संगणकभाषेच्या निमित्ताने

मराठी ग्रंथव्यवहारात ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे दोन शब्द वेगळे ठेवण्याची प्रथा आहे. निदान तशी अपेक्षा आहे. मजकूर जसाच्या तसा पुन्हा छापला तर ते पुनर्मुद्रण; त्यात भर पडली, दुरुस्ती झाली, एखादे प्रकरण गळाले, तर ती नवी आवृत्ती. प्रकाशक हा भेद कितपत पाळतात हा प्रश्न निराळा. अभ्यासकाला मात्र त्याची नितांत गरज असते. कारण पृष्ठांक देऊन केलेला उल्लेख पुनर्मुद्रणात टिकतो, नव्या आवृत्तीत तो टिकेलच अशी खात्री देता येत नाही. संगणकाच्या क्षेत्रात, विशेषतः मुक्तस्रोत आज्ञावलींच्या, म्हणजे ज्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा आज्ञावलींच्या जगात, हाच भेद बराच विस्तार पावून एक प्रकारची आचारसंहिता होऊन बसला आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकांचे शब्दसूची, कोश, पाठभेदांची तुलना, वृत्तगणना यांसारखे बरेचसे काम आता अशा आज्ञावलींवर विसंबून चालते. म्हणून ही आचारसंहिता काय आहे आणि ती कोठे अपुरी पडली, हे समजून घेणे त्यांच्याही हिताचे आहे.

कोणतीही आज्ञावली एकटी नसते. ती इतर आज्ञावलींकडून कामे करून घेते, आणि त्यासाठी कोणत्या नावाने हाक मारायची, कोणत्या क्रमाने काय पुरवायचे आणि उत्तरादाखल काय मिळेल, हे आधी जाहीर झालेले असावे लागते. या जाहीर केलेल्या व्यवहारमर्यादेला एपीआय म्हणतात. आतली रचना कितीही बदलली तरी ही मर्यादा अभंग राहिली, तर बाहेरच्यांना काहीच कळत नाही. ती मोडली, तर तिच्यावर उभारलेले सर्व काही मोडते. आवृत्तीचा अंक या मर्यादेविषयी बोलतो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली आणि २०१३ च्या सुमारास स्थिरावलेली त्रिपदी पद्धत येथे नमुन्यादाखल घेता येईल. तिच्यात टिंबांनी जोडलेले तीन अंक असतात. केवळ चुका सुधारल्या तर शेवटचा अंक वाढतो. जुने न मोडता नवे काही दिले तर मधला वाढतो. जुने मोडले तर पहिला वाढतो. म्हणजे पहिला अंक वाढला की वापरणाऱ्याने थबकावे, मजकूर नव्याने वाचावा, अशी ती खूण आहे.

हे अंक दशांश अपूर्णांक नाहीत, याचे भान तज्ज्ञांनाही नेहमी राहत नाही. पायथनची ३.९ ही आवृत्ती २०२० मध्ये आली आणि पुढच्या वर्षी ३.१० आली, तेव्हा ज्या आज्ञावली आवृत्तीचा अंक शब्दासारखा कोशक्रमाने ताडून पाहत होत्या, त्यांना ३.१० ही ३.९ च्या आधीची वाटली. ज्या अंकाची पहिली तीनच चिन्हे वाचत होत्या, त्यांना ती ३.१ वाटली. सर्वांनीच ही पद्धत स्वीकारलेली आहे असेही नाही. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीचा अंक प्रत्येक दुरुस्तीबरोबर एकेका स्थानाने ‘पाय’ या स्थिरांकाच्या जवळ सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. रचना पूर्ण झाली आहे, यापुढे केवळ मुद्रणदोष काढावयाचे, असे सांगण्याची ही क्नूथ यांची पद्धत. त्याहून सुरेख पद्धत क्वचितच सापडेल. परंतु ती ज्याला आपले लेखन संपले असे म्हणता येते त्याच्यासाठी आहे. भाषा, मग ती संगणकाची का असेना, तसे म्हणू शकत नाही.

जुने काढून टाकायचे असेल तर ते आधी सांगावे, ही या आचारसंहितेची दुसरी बाजू. इंग्रजीत या सूचनेला ‘डेप्रिकेशन’ म्हणतात. मुळातल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ विनवणी करून टाळणे, ‘हे नको’ असे प्रार्थनापूर्वक सांगणे, असा आहे, आणि तो येथे चपखल बसतो. मराठीत तिला निवृत्तिसूचना म्हणता येईल. सूचना दिलेली गोष्ट त्या क्षणी नाहीशी होत नाही. ती चालत राहते, मात्र वापरणाऱ्याला बजावले जाते की पुढे ती राहणार नाही, तिच्याऐवजी अमुक वापरावे. पायथनच्या आजच्या नियमानुसार अशी सूचना सामान्यतः निदान दोन आवृत्त्यांत राहिल्यानंतरच ती गोष्ट काढता येते. आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात निघते, तेव्हा ही मुदत सुमारे दोन वर्षांची होते. हे सारे करण्यास निर्मात्यांना कायद्याने कोणीही बांधलेले नाही. मुक्तस्रोत परवान्यांत ‘कोणतीही हमी नाही’ हे वाक्य जवळजवळ अपरिहार्यपणे असते. वापरणाऱ्याने काही मोजलेले नसते, निर्मात्याला तो माहीतही नसतो. निवृत्तिसूचना ही अशा अनोळखी माणसाला स्वेच्छेने दिलेली मुदत आहे.

या मुदतीची सर्वांत कठोर परीक्षा पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीकडून तिसरीकडे जाताना झाली. पायथन ही भाषा गीदो व्हान रॉस्सुम यांनी अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणित व संगणक संस्थेत असताना रचली. (तिच्या नावाचा अजगराशी संबंध नाही; ते बीबीसीच्या ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी मालिकेवरून घेतलेले आहे.) तिचा मजकूर फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. जगातील लिप्यांना एकाच कोष्टकात स्थान देणाऱ्या युनिकोडचा पहिला खंड त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात निघाला. आठ महिन्यांचे हे अंतर पुढच्या सर्व कथेच्या मुळाशी आहे. पायथन जन्मली तेव्हा संगणकाच्या दृष्टीने ‘मजकूर’ म्हणजे बाइटांची माळ होती, आणि रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट असल्यामुळे अक्षर व बाइट यांत फरक करण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीने युनिकोड मजकूर हा वेगळा प्रकार दिला, परंतु जुना तसाच ठेवला. अवतरणचिन्हांच्या आधी ‘यू’ हे रोमन अक्षर लिहिले तर तो युनिकोड मजकूर, न लिहिले तर जुनी बाइटांची माळ.

याचा परिणाम एका शब्दावरून दाखवता येईल. यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. ‘मराठी’ हा शब्द दुसऱ्या पायथनमध्ये साध्या अवतरणांत लिहून त्याची लांबी विचारली, तर उत्तर १५ येई. ‘यू’ लावून विचारली, तर म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी ही पाच चिन्हे मोजून ५ येई. वाचणाऱ्याच्या लेखी त्यात तीन अक्षरे आहेत. १५ या उत्तरावर वृत्तगणना करणे अशक्यच; पण शब्दाचे पहिले अक्षर कापून शब्दसूचीचे विभाग पाडावेत म्हटले, तरी हाती ‘म’ न येता त्याचा एक तृतीयांश तुकडा, म्हणजे कोणत्याही लिपीत न वाचता येणारे चिन्ह येई. याहून बिकट गोष्ट अशी की दोन्ही प्रकारचे मजकूर एकमेकांत मिसळले, तर पायथन गुपचूप त्यांचे रूपांतर करू पाहत असे आणि ते करताना मजकूर शुद्ध रोमन आहे असे गृहीत धरत असे. इंग्रजी मजकुरावर वर्षानुवर्षे निर्वेध चाललेली आज्ञावली पहिला मराठी, तमिळ किंवा ग्रीक शब्द समोर येताच कोसळे. दोष रचणाऱ्याला तो कधीच दिसत नसे. तो दिसे परभाषेच्या वापरकर्त्याला, आणि त्यालाच वाटे की आपल्या लिपीत काही तरी खोट आहे.

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीने हा घोळ मुळापासून काढला. मजकूर म्हणजे युनिकोड. बाइटांची माळ हा सर्वस्वी वेगळा पदार्थ. दोघांची गुपचूप सरमिसळ नाही. ‘मराठी’ची लांबी सर्वत्र ५ झाली. (ती ३ व्हावी यासाठी अक्षर या संकल्पनेचे आणखी एक नियमशास्त्र लागते, ते पायथनच्या गाभ्यात नाही, आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकाने हे विसरून चालणार नाही.) आज्ञावलीतल्या नावांसाठीही देवनागरीची मुभा मिळाली. पहिला अंक वाढवण्यास याहून योग्य कारण मिळणे कठीण आहे. निर्मात्यांनी ही संधी साधून आणखीही कित्येक जुन्या गोष्टी मोडल्या, आणि त्यांची गरज सारखीच होती असे मात्र म्हणता येणार नाही.

दुरुस्तीचा खर्च कोणी आणि किती सोसायचा याचा अंदाज येथे चुकला. २.७ ही दुसऱ्या मालिकेतील शेवटची आवृत्ती जुलै २०१० मध्ये आली आणि तिची देखभाल २०१५ मध्ये थांबवायची असे ठरले होते. २.८ निघणार नाही, हे सांगण्यासाठी एक स्वतंत्र प्रस्तावपत्रच काढण्यात आले. तरीही २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली, आणि २.७.१८ हे अंतिम प्रकाशन एप्रिल २०२० मध्ये झाले. नव्या आवृत्तीच्या आगमनापासून जुनीच्या निरोपापर्यंत अकरा वर्षांहून अधिक काळ गेला. यास आळस किंवा दुराग्रह कारणीभूत होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक आज्ञावली ज्या ग्रंथालयांवर उभी असते ती ग्रंथालये आधी नव्या आवृत्तीत यावी लागतात, आणि त्यांच्या खालीही आणखी थर असतात. आकडेमोडीसाठी लागणारे नमपाय २०१० मध्ये आले. संकेतस्थळांसाठीचे जँगो २०१३ मध्ये. भाषाभ्यासासाठीचे एनएलटीके, ज्याच्याबरोबर मराठी, हिंदी, बांगला व तेलुगू या भाषांतील व्याकरणखुणा लावलेले वाक्यसंग्रहही वाटले जातात, ते २०१४ मध्ये तिसऱ्या मालिकेसह. ज्यांच्या भल्यासाठी बदल केला, त्या भाषांच्या अभ्यासकांचे हत्यार त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास सहा वर्षे लागली.

शिवाय एका प्रकारच्या बदलाला निवृत्तिसूचनेचा उपायच नीट लागू पडत नाही. छापण्याची ‘प्रिंट’ ही आज्ञा दुसऱ्या पायथनमध्ये कंसाविना चाले, तिसऱ्यात कंस अनिवार्य झाला. कंस राहिला तर आज्ञावली चालतच नाही, चूक लगेच कळते. भागाकाराचे तसे नाही. ७ ला २ ने भागले तर दुसरी पायथन ३ असे उत्तर देई, तिसरी ३.५ देते. लिहिलेले वाक्य तेच, दोन्हीकडे व्याकरणशुद्ध, पण अर्थ निराळा. चालणारी आणि चुकीचे सांगणारी आज्ञावली ही मोडलेल्या आज्ञावलीपेक्षा अधिक घातक असते.

मराठी लेखनाच्या इतिहासात याचे तंतोतंत उदाहरण आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ ही जुनी रूपे आजच्या वाचकाला जुनी म्हणून ओळखता येतात. त्यांच्या अर्थाविषयी त्याची फसगत होत नाही. ‘घरांत’ या रूपाचे मात्र वेगळे आहे. जुन्या लेखनात ते एका घराविषयीही असू शकते. नव्या नियमाने ते केवळ अनेक घरांविषयी आहे, एका घरासाठी ‘घरात’ लिहावयाचे. नियम न ठाऊक असलेला आजचा वाचक जुने पुस्तक उघडतो आणि एकवचनाच्या जागी अनेकवचन वाचतो. त्याला थांबवणारे काहीही पानावर नसते. महामंडळाच्या नियमांत या प्रश्नाची जाणीव आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य उद्धृत करताना ते मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांनी छापावे, असा त्यांचा निर्णय आहे. संगणकाच्या परिभाषेत बोलायचे तर हे मागील आवृत्तींशी सुसंगती राखण्याचे धोरण आहे, आणि त्यात सीमारेषाही स्पष्ट आहे. फक्त पुस्तक स्वतः आपण रेषेच्या कोणत्या बाजूचे आहोत हे सांगत नाही. ते अनुस्वारांवरून ताडावे लागते, आणि पुनर्मुद्रणात अनुस्वार निम्मेअर्धे काढलेले असतील तर तेही साधत नाही.

पायथनने या अडचणीवर एक युक्ती २००१ पासूनच योजलेली होती. आज्ञावलीच्या अगदी आरंभी ‘फ्यूचर’ या नावाचा उल्लेख असलेली एक ओळ लिहिता येते; तिचा आशय असा की, पुढील मजकूर उद्याच्या अमुक नियमाने वाचावा. भागाकाराचा नवा अर्थ याच वाटेने, ३.० च्या सात वर्षे आधी उपलब्ध झाला होता. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांचे संक्रमण विनासायास झाले. ज्यांनी लिहिली नाही त्यांच्यापर्यंत ती सोय असल्याची वार्ताच पोहोचलेली नसावी, असे मानण्यास जागा आहे. कारण सूचना देणे आणि ती ऐकली जाणे यांत पायथनच्या इतिहासात मोठी दरी आहे. निवृत्तिसूचना आज्ञावली चालताना पडद्यावर उमटते. पण आज्ञावली चालवणारा बहुधा ती लिहिणारा नसतो, आणि दुसऱ्याच्या लेखनातील दोषांचे इशारे त्याला कटकटीचे वाटतात. म्हणून २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांपासून हे इशारे सामान्यतः दडवून ठेवण्याचे ठरले. वापरणारे सुखी झाले. लिहिणारेही इशाऱ्याविना पुढे जात राहिले. २०१८ च्या ३.७ मध्ये, लेखक स्वतःची आज्ञावली थेट चालवत असेल तेवढ्यापुरते, ते पुन्हा दृश्य करण्यात आले. ‘कलेक्शन्स’ या विभागातील काही नावे २०१२ मध्ये निवृत्त ठरली होती. ती ३.९ मध्ये काढावयाची होती, तेव्हाही त्यांच्यावर विसंबणारे इतके निघाले की आणखी एक आवृत्ती थांबावे लागले; २०२१ मध्ये ती गेली. नऊ वर्षांची पूर्वसूचनाही कित्येकांना अकस्मात वाटली.

या साऱ्या प्रवासातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय एका अक्षराविषयी होता. मजकुराआधी लागणारे ‘यू’ तिसऱ्या पायथनमध्ये निरर्थक झाले. सर्व मजकूर युनिकोडच असल्यावर त्याने सांगावे असे काही उरले नाही. म्हणून ३.० ने ते निषिद्ध ठरवले. परिणाम असा झाला की ज्या लेखकांनी दुसऱ्या पायथनमध्ये काळजीपूर्वक, प्रत्येक ठिकाणी ‘यू’ लावून मजकूर लिहिला होता, म्हणजे ज्यांनी इंग्रजीपलीकडच्या भाषांचा विचार आधीपासून केला होता, नेमक्या त्यांचेच लेखन जागोजाग मोडले. निष्काळजीपणे लिहिणाऱ्यांना या बाबतीत झळ लागली नाही. आर्मिन रोनाखर आणि निक कॉग्लन यांच्या प्रस्तावानुसार २०१२ च्या ३.३ मध्ये हे अक्षर परत आले. आजही ते लिहिले तर चालते आणि त्याने काहीही होत नाही. मराठीने अनुच्चारित अनुस्वार शुद्धलेखनाच्या सुटसुटीतपणासाठी सोडला. पायथनने अनुच्चारित ‘यू’ जुन्या लेखनाच्या मानासाठी पुन्हा धरला. व्याकरणाच्या दृष्टीने ते अक्षर मृत आहे. परंतु त्यामुळे एकच मजकूर दोन्ही मालिकांत वाचता येऊ लागला, आणि दोहोंची सांधेजोड करणाऱ्या ‘सिक्स’सारख्या ग्रंथालयांचे (दोन गुणिले तीन, म्हणून सहा) काम बरेच हलके झाले. ‘टू टू थ्री’ हे जुन्याचे नवे करून देणारे यांत्रिक भाषांतर-साधन मात्र तितकेसे रुजले नाही आणि २०२४ च्या ३.१३ मधून निवृत्त झाले. मूळ आणि भाषांतर अशा दोन संहिता कायम जुळवत बसण्यापेक्षा दोन्हीकडे चालणारी एकच संहिता लेखकांना बरी वाटली, हे भाषांतराच्या अभ्यासकांना अनपेक्षित वाटू नये.

या अनुभवापासून इतरांनी वेगळे मार्ग काढले. २०१५ मध्ये स्थिर झालेल्या रस्ट या भाषेत प्रत्येक आज्ञावलीसोबत २०१५, २०१८, २०२१ किंवा २०२४ असे एक वर्ष नोंदवता येते, आणि तिचे वाचन त्या वर्षीच्या नियमांनी होते. निरनिराळ्या वर्षांच्या आज्ञावली एकत्र नांदतात. मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे ‘लेखननियम : १९६२ पूर्वीचे’ असे छापलेले असावे, तसाच हा प्रकार. यात निर्मात्यांना सर्व जुने नियम सदैव सांभाळावे लागतात, आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणाऱ्या प्रकल्पाला ते ओझे किती काळ पेलेल हा प्रश्न राहतो. पायथनने ते पत्करलेले नाही. ३.१३ मध्येच तिने, आता कोणी सांभाळण्यास नाही म्हणून, आपल्या सोबतच्या संग्रहातील १९ जुने विभाग काढून टाकले.

भारतीय लिप्यांशी थेट संबंध असलेला आणखी एक बदल अद्याप व्हावयाचा होता. तिसरी पायथन मजकूर आतून युनिकोड मानते, पण संचिका उघडताना तिची लेखनपद्धती सांगितली नाही, तर ती संगणकाच्या स्थानिक प्रघातावर विसंबून राहत आली आहे. विंडोजवर हा प्रघात बहुधा यूटीएफ-८ नसतो. त्यामुळे एका यंत्रावर स्वच्छ दिसणारा देवनागरी मजकूर दुसऱ्यावर रोमन चिन्हांचा खिचडा होऊन येतो. हे गृहीतक बदलून सर्वत्र यूटीएफ-८ धरावे असा निर्णय झाला. या वेळी मात्र आधी २०२१ च्या ३.१० मध्ये, मागेल त्यालाच दिसणारा एक ऐच्छिक इशारा ठेवण्यात आला, आणि प्रत्यक्ष बदलासाठी ३.१५ ही आवृत्ती मुक्रर झाली. जुन्या प्रघातानुसार जपून ठेवलेल्या संचिका या बदलानंतर अचानक अवाच्य ठरू शकतात. ज्या आज्ञावलीत संचिका उघडतानाच तिची लेखनपद्धती नमूद केलेली असेल, तिला यातून काहीही होण्याचे कारण नाही.